पंधरा माणसांच्या कारखान्यासाठी ईमेल आणि मोबाइलची निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आपला कास्टिंग मशिनिंगचा कारखाना आहे, माणसे पंधरा आहेत आणि त्यांपैकी आठ जणांना ईमेल लागतो. वेबसाइट करून देणाऱ्याने होस्टिंगबरोबर फुकट दिलेला ईमेल ऑफिसातल्या एकाच संगणकावर आउटलुकमध्ये उतरतो, मालकांच्या मोबाइलवर त्यांचे स्वतःचे जीमेल आहे, आणि डिस्पॅचचा सगळा व्यवहार सुपरवायझरच्या खासगी व्हॉट्सॲपवर चालतो. आता पुण्याच्या एका ग्राहकाने कागदपत्रे कंपनीच्या नावाच्या ईमेलवरूनच पाठवावीत असे कळवले आहे, म्हणून गूगल घ्यावे, मायक्रोसॉफ्ट घ्यावे की झोहो, आणि कर्मचाऱ्यांना कंपनीने मोबाइल द्यावेत की नाही, असे आपण विचारले आहे.

गेली वीस वर्षे मी उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीतल्या लहान कारखान्यांची हीच कामे करतो आहे. कोणत्या कंपनीचा ईमेल घ्यावा हा प्रश्न मला रोज विचारला जातो, पण तो घेतल्यानंतर कोणाच्या नावावर राहील हे मात्र क्वचितच कोणी विचारते. तिन्ही कंपन्यांची सेवा आपल्या गरजेला पुरून उरणारी आहे आणि चुकीची निवड झाली तरी महिन्याभरात ती बदलता येते. डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यातले ‘@’ नंतरचे नाव, दुसऱ्याच्या नावावर गेले किंवा ग्राहकांना पाठ झालेला मोबाइल नंबर नोकरी सोडणाऱ्या माणसाबरोबर गेला, तर ते परत मिळवायला वर्ष लागते आणि पुष्कळदा मिळतही नाही. म्हणून आधी मालकीचे बोलतो आणि मग निवडीकडे येतो.

आपल्या कंपनीच्या नावाचे डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि तिथला लॉगिन कोणाच्या हातात आहे, हे आज संध्याकाळपर्यंत शोधून काढा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या खात्यात इतर चाळीस डोमेनांबरोबर पडलेले असते. माझ्या एका ग्राहकाकडे असेच होते. त्या मुलाने धंदा आवरला, नोकरीसाठी तो पुण्याला गेला, रिन्यूअलच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या आणि एका मंगळवारी कारखान्याला येणारे सगळे मेल थांबले. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की आधी काही दिवसांची सवलत मिळते आणि त्यानंतर तीस दिवसांच्या टप्प्यात जास्तीचे पैसे भरून ते सोडवून आणता येते, पण दोन्ही वेळा ज्याच्या नावाचे खाते आहे त्यालाच ते करता येते. तेव्हा मालकांच्या नावाने रजिस्ट्रारकडे स्वतंत्र खाते उघडा, डोमेन तिथे हलवून घ्या आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरा. त्या खात्याला नोंदवलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले तर ते सोडवण्याचा ओटीपीही त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जाईल, म्हणजे किल्ली कुलपाच्या आत राहील.

हाच नियम ईमेल सेवेच्या ॲडमिन खात्याला लावा. सेवा एजंटाकडून घ्यायला माझी हरकत नाही, कारण अडीअडचणीला कोल्हापुरातलाच माणूस फोन उचलतो आणि जीएसटीचे बिलही नीट मिळते. मात्र ॲडमिनचे दोन लॉगिन मालकांच्या घरातल्या दोन माणसांकडे असावेत आणि एजंटाला लागेल तेवढाच अधिकार वेगळ्या लॉगिनने द्यावा. विषय निघालाच आहे तर जीएसटी पोर्टलवर आपल्या कारखान्याचा कोणता मोबाइल आणि कोणता ईमेल नोंदला आहे तेही बघून घ्या. नोंदणीच्या दिवशी सीए साहेबांच्या ऑफिसातल्या मुलाने स्वतःचा नंबर टाकून दिला आणि तो मुलगा तिथून केव्हाच गेला, असे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

आता सध्याच्या व्यवस्थेत नेमके काय बिघडले आहे ते पाहू. आपला आउटलुक पॉप पद्धतीने मेल उतरवतो, म्हणजे मेल सर्व्हरवरून त्या एका संगणकात येतो आणि सामान्यपणे सर्व्हरवरून पुसला जातो. दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका पीएसटी फाइलमध्ये आणि ती फाइल एका हार्ड डिस्कवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीत पाणी शिरले तेव्हा एका व्यापाऱ्याचा संगणक मी स्वतः टेबलावरून उचलून पोटमाळ्यावर ठेवला होता, आणि पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा डिस्क चिखलातच होती, कारण घाईत आम्ही मॉनिटरबरोबर दुसराच डबा उचलला होता. त्या वेळी आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने काही दिवस वाहतूक बंद होती. ज्यांचा ईमेल क्लाउडवर होता त्यांनी घरी बसून ग्राहकांना माल कुठे अडकला आहे ते कळवले. बाकीच्यांना ग्राहकाचे पत्र आले आहे हे पाणी उतरेपर्यंत ठाऊकच नव्हते.

तीन कंपन्यांपैकी एक निवडताना मी एकच कसोटी आधी लावतो, ती म्हणजे आपले कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या किमतीचा हिशेब, कशात होते. आपल्याकडच्या बहुतेक मशीन शॉपमध्ये कॉस्टिंगची एक जुनी एक्सेल फाइल असते, ती कोणीतरी हुशार माणसाने कधीतरी मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, घालून बनवलेली असते, आणि कोटेशनचा सगळा धंदा त्या फाइलवर उभा असतो. ते मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाहीत आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही चालत नाहीत. त्यांना संगणकावर बसवलेला खरा एक्सेल लागतो. त्यात आपले ग्राहक वाहन उद्योगातले आहेत, त्यांचे पीपीएपीचे (नवा भाग मंजूर करून घेण्याचे) फॉर्म, कंट्रोल प्लॅन, तपासणीचे तक्ते सगळे एक्सेलमध्येच येतात आणि ते भरून तसेच परत पाठवावे लागतात. एवढ्या एका कारणासाठी आपल्या बाबतीत माझा कौल मायक्रोसॉफ्ट ३६५ कडे आहे.

तिथे सगळ्यांना महागडा प्लॅन घेण्याची गरज नाही. एकाच कंपनीच्या खात्यात माणसागणिक वेगळे प्लॅन देता येतात. कॉस्टिंग करणारे, क्वालिटीचे आणि अकाउंट्सचे अशा तिघांना बिझनेस स्टँडर्ड द्या, त्यात संगणकावर बसवायचे एक्सेल, वर्ड, आउटलुक मिळते. उरलेल्या पाच जणांना बिझनेस बेसिक पुरेल, त्यात ही सगळी साधने ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतात. दोन्ही प्लॅनमध्ये फाइली ठेवायला माणशी एक टीबी वनड्राइव्ह मिळते, जी आपल्याला आयुष्यभर भरायची नाही.

गूगल वर्कस्पेस मी ज्यांना देतो त्यांचा धंदा निराळा असतो. चपला ऑनलाइन विकणारे, गुजरीतले दागिन्यांचे दुकान, क्लासेस, इंटिरिअरचे काम करणारे, ज्यांच्याकडे मॅक्रो नाहीत आणि सगळे काम मोबाइलवर होते, त्यांना जीमेल शिकवावे लागत नाही आणि तीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. सगळ्यात लहान प्लॅनमध्ये माणशी तीस जीबी जागा असते. ती ईमेलला पुष्कळ होते, पण कोणी कामाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवू लागले की वर्षभरात संपते.

झोहोबद्दल सध्या फार विचारणा होते. कंपनी तमिळनाडूची आहे, केंद्र सरकारचा ईमेलही आता तिच्या व्यवस्थेवर चालतो, आणि दर तिघांत सगळ्यात कमी आहे. पाच माणसांपर्यंत फुकट प्लॅनही आहे, पण त्यात आउटलुकसारख्या प्रोग्राममध्ये मेल उघडण्याची सोय नसते. नुसता ईमेलच हवा असेल, एक्सेल आधीच विकत घेतलेला असेल आणि पैशाची ओढाताण असेल, तर झोहो निःशंकपणे घ्यावा. देशी कंपनीला पैसा जावा ही भावना मला मान्य आहे, मात्र त्या भावनेपोटी कॉस्टिंगची फाइल दुसऱ्या शीटमध्ये नव्याने लिहायला बसू नका.

खर्चाचे गणित करताना माणसे आणि पत्ते यांत गल्लत होते. सेल्स, पर्चेस, अकाउंट्स, डिस्पॅच असे चार पत्ते हवेत म्हणजे चार जास्तीचे लायसन्स हवेत असे नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स नावाची सोय आहे, तिला पन्नास जीबीपर्यंत वेगळे पैसे पडत नाहीत आणि दोघे-तिघे आपापल्या लॉगिनने तो डबा उघडू शकतात. गूगलमध्ये हेच काम ग्रुप करून होते. ग्राहकांना नेहमी या सामायिक पत्त्यांवरूनच उत्तरे द्या. माणूस बदलला तरी ग्राहकाच्या वहीतला पत्ता बदलत नाही आणि आधी काय बोलणे झाले ते नव्या माणसाला तिथेच वाचायला मिळते. सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरायचा आणि तो मॉनिटरला चिकटवून ठेवायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत मात्र बंद करावी लागेल, कारण कोणता मेल कोणी पाठवला आणि कोणी पुसला हे त्यात कधीच कळत नाही.

बिल हाती आल्यावर दोन गोष्टी तपासा. बिलावर आपला जीएसटी क्रमांक असला पाहिजे, कारण या सेवेवर अठरा टक्के कर आहे आणि त्याचे क्रेडिट मिळते. आणि करार वर्षाचा आहे की महिन्याचा हे पाहा. वर्षाचा दर स्वस्त असतो, पण मधेच माणसे कमी केली तरी पैसे कमी होत नाहीत.

यानंतर येतो तो भाग, जो एजंट घाईत उरकतात आणि ज्याच्यामुळे आपले मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातात. आपल्या डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असाव्या लागतात. आपल्या नावाने मेल पाठवण्याचा परवाना कोणत्या सर्व्हरला आहे हे पहिली सांगते. दुसरीत एक किल्ली असते, जिच्या आधारे मेलवरची सही खरी आहे आणि मजकूर वाटेत बदललेला नाही हे पाहता येते. या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे हे तिसरी सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत कडक धोरण घेतले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे झाले आणि आपल्यासारख्या लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी लागते. मी तिन्ही लावल्याशिवाय काम पुरे झाले असे समजत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पंप बनवणाऱ्या कारखान्याचा ईमेल हलवताना मी नव्या सेवेची एसपीएफची ओळ घातली आणि जुनी तशीच राहू दिली, दोन असल्या तर बिघडले कुठे असा माझा समज होता. वास्तविक एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते आणि दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. तीन दिवस कोटेशने जात होती आणि ग्राहकाकडे स्पॅममध्ये पडत होती. ऑफिसातला मुलगा फोनवर पोटतिडकीने सांगत होता, “साहेब, मेल गेलाय की ओ, सेंटमध्ये दिसतोय,” आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. तेव्हापासून मी दोन्ही सेवांची नावे एकाच ओळीत घालतो आणि त्यात वेबसाइटचा सर्व्हरही विसरत नाही, कारण चौकशीचा फॉर्म भरला की वेबसाइट आपल्याच नावाने मेल पाठवते.

डीमार्कची ओळ लावताना सुरुवातीला तिला नुसत्या पहाऱ्यावर ठेवा, महिनाभर येणारे अहवाल पाहा आणि सगळे रास्त मेल पास होत आहेत याची खात्री झाल्यावरच संशयास्पद मेल अडवण्याचा हुकूम द्या.

जुन्या संगणकांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ऑफिस २०१६ व २०१९ चाही त्याच दिवशी संपला. आपल्या ऑफिसात आउटलुक २०१० असेल तर ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड ईमेलला जोडताच येणार नाही, कारण नुसते नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरण्याची जुनी वाट गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही ईमेल प्रोग्रामसाठी बंद केली आहे. याच कारणाने टॅलीतून थेट बिले मेल करण्याची सोय अडते. गूगलमध्ये त्यासाठी वेगळा ॲप पासवर्ड काढून तो टॅलीत भरावा लागतो. मायक्रोसॉफ्टने मात्र ही वाट टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आहे, म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी महिन्याच्या प्लॅनवर एक चाचणी बिल टॅलीतून पाठवून पाहा आणि ते गेले नाही तर बिले पीडीएफ करून आउटलुकमधून पाठवण्याची तयारी ठेवा.

त्याच बरोबरीने एक बारीक गोष्ट आहे. आपले मराठीतले जुने करारनामे, गेटपासचे नमुने आणि नोटिसा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या क्लाउडवर चढतील, पण मोबाइलवर उघडल्या की अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढिगारा दिसेल. जे अजून वापरात आहे तेवढे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या आणि बाकीचे पीडीएफ करून ठेवा.

आता मोबाइलकडे वळू. आठही जणांना कंपनीने हँडसेट द्यावेत असे मला वाटत नाही. कंपनीचे म्हणून दोनच फोन पुरे आहेत, एक डिस्पॅचला आणि एक सेल्सला, आणि त्यांत महत्त्वाचे हँडसेट नसून सिमकार्ड आहे. दोन्ही सिम कंपनीच्या नावाने, कंपनीची कागदपत्रे देऊन घ्या. सुपरवायझरच्या खासगी नंबरवर तीन वर्षे ग्राहक बोलत असतील तर तो नंबर आता ग्राहकाच्या दृष्टीने आपला कारखाना झालेला असतो. तो माणूस उद्या शेजारच्या गाळ्यात कामाला गेला तर ग्राहकाची पहिली चौकशी शेजारी जाते. यात त्या माणसाचा काही दोष नसतो, नंबर त्याचाच आहे.

कंपनीच्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस बसवा. एका फोनबरोबर आणखी चार साधने जोडता येतात, म्हणजे डिस्पॅचचा फोन टेबलावर राहील आणि ऑफिसातले दोघे संगणकावरून त्याच नंबरवर उत्तरे देतील. मुख्य फोन चौदा दिवसांहून अधिक काळ बंद राहिला की जोडलेली साधने आपोआप बाहेर पडतात, त्यामुळे तो कपाटात ठेवून विसरू नका. झटपट उत्तरे, लेबले, सुट्टीच्या दिवशीचा निरोप या सोयी फुकट आहेत आणि आपल्या कामाला पुरतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यातली जागा खातो, म्हणून त्या फोनवर कंपनीच्या नावाने स्वतंत्र गूगल खाते घाला, कोणाचे खासगी नको.

व्हॉट्सॲपवर काय चालावे आणि काय चालू नये याची रेघ मात्र आजच ओढा. गाडी निघाली, चलनाचा फोटो, उद्या किती नग येणार, हे सगळे तिथे ठीक आहे. ड्रॉइंग आणि भाव हे ईमेलवरच. एका मशीन शॉपमध्ये ग्राहकाच्या माणसाने बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. कागद टेबलावर तिरका ठेवून काढलेला फोटो होता आणि उजव्या कोपऱ्यातली रिव्हिजनची चौकट फ्रेमच्या बाहेर राहिली होती. ऑपरेटरने तो जुन्या ड्रॉइंगचाच समजला आणि भिंतीला अडकवलेल्या प्रतीवरून सबंध लॉट बोअर केला, म्हणजे त्यातली भोके कोरून घेतली. सकाळी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरल्यावर कळले की बोअर अर्ध्या मिलिमीटरने मोठा झाला आहे, आणि कमी झालेले मटेरियल काही परत चढत नाही. फोटो कोणी, कधी पाठवला होता यावर मग महिनाभर वाद झाला. म्हणून नियम असा ठेवा की ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर आले तर सामायिक पत्त्यावरून एका ओळीचा मेल जावा, अमुक क्रमांकाच्या ड्रॉइंगची अमुक रिव्हिजन धरून काम सुरू करत आहोत, पीडीएफ पाठवावी. उत्तर येईपर्यंत मशीन लावायचे नाही.

त्रिमितीय मॉडेलच्या फाइली मोठ्या असतात आणि जीमेलची जोडपत्राची मर्यादा पंचवीस एमबी आहे. त्यातही मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून अठरा एमबीच्या पुढे वनड्राइव्हची लिंक पाठवा. काही मोठे ग्राहक बाहेरच्या लिंक उघडू देत नाहीत, तेव्हा त्यांना एकदा विचारून ठेवा.

हँडसेट घेताना कॅमेऱ्याच्या जाहिरातीकडे पाहू नका. १२८ जीबी जागा, किमान सहा जीबी रॅम आणि पुढची चार वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीचे लेखी आश्वासन, एवढे पाहा. कागद स्कॅन करायला वेगळे ॲप लागत नाही. कॅमस्कॅनरवर जून २०२० मध्ये सरकारने बंदी आणली तरी त्याच नावाची जुनी फाइल एकमेकांना देऊन ते वापरणारे मला अजून भेटतात. गूगल ड्राइव्हमधली स्कॅनची सोय या कामाला उत्तम आहे. फेटलिंगच्या (ओतलेल्या भागाच्या कडा साफ करण्याच्या) आणि ग्राइंडिंगच्या माणसांची बोटे घासून इतकी गुळगुळीत झालेली असतात की अंगठ्याचा ठसा फोन ओळखत नाही, आणि मग ते कंटाळून कुलूपच काढून टाकतात. त्यांना सहा आकडी पिन लावून द्या आणि ती त्यांच्या जन्मतारखेची नसेल हे पाहा.

उरलेल्या सहा जणांना स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल लागेल. त्याला हरकत नाही, पण तो आउटलुक ॲपमध्येच घ्यायला लावा. फोन हरवला किंवा माणूस सोडून गेला तर ॲडमिनला फक्त कंपनीचा मेल त्या फोनवरून पुसता आला पाहिजे, घरचे फोटो तसेच राहिले पाहिजेत. ही व्यवस्था आधी चालू करावी लागते आणि कर्मचाऱ्याला ती नीट समजावून सांगावी लागते, नाहीतर मालक आपला फोन बघतात अशी कुजबुज सुरू होते.

दुहेरी पडताळणी सर्वांना सक्तीची करा आणि शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. ॲडमिन खात्याचे आपत्कालीन मार्ग ठरवून ठेवा आणि जिथे बॅकअप कोड मिळतात तिथे ते छापून तिजोरीत डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनाशेजारी ठेवा. याचे कारण पैशाचे आहे. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीला कच्चा माल देणाऱ्याच्या नावाने मेल आला की आमचे बँक खाते बदलले आहे. पत्ता हुबेहूब होता, फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी शेजारी होती, आणि मोबाइलच्या पडद्यावर ते ‘एम’सारखेच दिसत होते. मागचा सगळा पत्रव्यवहार खाली जोडलेला होता, कारण फाउंड्रीचाच मेलबॉक्स आधी कोणीतरी उघडला होता आणि त्यात एक नियम घालून ठेवला होता की पेमेंट हा शब्द असलेला मेल कोणी न बघणाऱ्या फोल्डरमध्ये जावा. खात्रीसाठी अकाउंटंटने जुन्या नंबरवर फोन लावला म्हणून पैसे वाचले. मेलबॉक्समधले असे नियम आणि परस्पर फॉरवर्डिंग दर महिन्याला तपासा, बँक खाते बदलल्याचा मेल आला की आधीपासून जवळ असलेल्या नंबरवरच फोन करा, आणि पैसे गेलेच तर विचार करत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे, हा गैरसमज मोठ्या कंपन्यांतही दिसतो. तुम्ही इथे पुसले की ते तिकडेही पुसले जाते. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल तीस दिवस राहतो, त्यानंतर आणखी पंचवीस दिवस ॲडमिन तो परत आणू शकतो आणि मग तो कायमचा जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये पुसलेले माणसाचे खाते तीस दिवसांत परत आणता येते. याउलट जीएसटी कायद्याखाली हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ वर्षे. म्हणून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते लायसन्स वाचवण्यासाठी तडकाफडकी पुसू नका, ते शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदला आणि मगच लायसन्स काढा. वर्षातून दोनदा सगळ्या मेलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क शिरोलीत न ठेवता मालकांच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवा.

प्रत्यक्ष बदल करण्याचा दिवस निवडताना ११ आणि २० तारखा टाळा, कारण जीएसटीच्या दोन्ही विवरणपत्रांच्या गडबडीत अकाउंट्सच्या माणसाला नवा पासवर्ड देणे म्हणजे भांडणाला निमंत्रण आहे.  साधारण २२ तारखेच्या पुढचा शनिवार धरा. त्याआधीच्या आठवड्यात आठही खाती उघडून जुनी पीएसटी फाइल संगणकावरून वर चढवायला सुरुवात करा, आपल्याकडच्या इंटरनेटला दहा वर्षांचा मेल चढवायला चार-पाच रात्री लागतात. शुक्रवारी डोमेनच्या एमएक्स नोंदीची, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर उतरावा हे सांगणाऱ्या नोंदीची, मुदत पाच मिनिटांवर आणा, शनिवारी संध्याकाळी नोंद बदला आणि रविवारी घरच्या फोनवरून प्रत्येक पत्त्यावर एक मेल पाठवून, त्याला उत्तर देऊन पाहा. सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच पुण्याच्या ग्राहकाच्या पर्चेस विभागाला फोन करा, आपला मेल इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये ते विचारा, आणि स्पॅममध्ये असेल तर त्यांच्याकडून त्या मेलचा हेडर, म्हणजे मेल कोणत्या वाटेने आला ते दाखवणारा मजकूर, मागवून घ्या. जुनी होस्टिंग आणखी एक महिना चालू ठेवा आणि तिचा डबा रोज सकाळी एकदा उघडून बघा, कोणाचा तरी मेल अजून तिकडे उतरत असतो.